वकिलाची विलायत आणि हुंडीची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा आणि विलायत यांच्या दरम्यान माणसांची जी ये-जा झाली, तिच्यात दोन प्रकारचे प्रवासी ठळकपणे निराळे दिसतात. पहिला प्रवासी म्हणजे हिंदुस्थानच्या उन्हाने आणि तापाने खंगलेला, प्रकृतिस्वास्थ्यासाठी रजा घेऊन स्वदेशी परतणारा इंग्रज अंमलदार; आणि दुसरा म्हणजे आपल्या धन्याचे गाऱ्हाणे ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठांच्या कानी घालण्यासाठी समुद्र ओलांडणारा मराठी वकील. पहिल्याच्या रजेचा, वेतनाचा आणि पुढे पेन्शनीचाही बंदोबस्त सरकारी नियमांनी आगाऊ करून ठेवलेला असे. दुसऱ्याच्या शिधासामुग्रीची, जळणाची, घरभाड्याची आणि परतीच्या जहाजाची हमी घेणारे मात्र कोणी नसे. आमच्या इतिहासलेखकांनी या वकिलाची स्वामिनिष्ठा मुक्तकंठाने वर्णिली आणि ते यथायोग्यच झाले. परंतु त्याच्या खर्चाची बाब, जणू ती ऐतिहासिक पुरुषाच्या प्रतिष्ठेस शोभणारी नव्हे अशा भावनेने, सर्वांनीच थोडक्यात आटोपली. मला ती बाब फार महत्त्वाची वाटते. सातारच्या छत्रपतींचा दावा लंडनमध्ये बुडाला तो पुराव्याच्या दुबळेपणाने नव्हे, दिरंगाईने; आणि त्या दिरंगाईला धार आली ती पैशाच्या टंचाईमुळे.

आरंभ आजारी साहेबांपासून केला पाहिजे, कारण त्यांच्या दुखण्यांशी सातारच्या राज्याचा संबंध फार जुना आहे. जेम्स ग्रँट, ज्याला आपण ग्रँट डफ या नावाने ओळखतो, तो १८१८ साली साताऱ्यास आला आणि महाराज प्रतापसिंहांच्या हाती कारभार येईपर्यंत, म्हणजे १८२२ पर्यंत, त्याने राज्याची घडी बसविली. याच मुदतीत छत्रपतींच्या दफ्तरातील कागद त्याला पाहावयास मिळाले. प्रकृती ढासळल्यामुळे तो स्कॉटलंडला परतला आणि मराठ्यांच्या इतिहासाचा तीन खंडांचा त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या ग्रंथाशी पुढे आमच्या तीन पिढ्यांचे इतिहाससंशोधक झुंजत राहिले, तो सातारकरांच्या औदार्याने मिळालेल्या साधनांवर, एका दुखणाईत अंमलदाराच्या सक्तीच्या निवृत्तीत पुरा झालेला ग्रंथ आहे.

दुसरा संबंध महाबळेश्वरचा. १८२४ साली साताऱ्याच्या फौजेवरील अधिकारी लॉडविक हा दाट झाडीतून वाट काढीत त्या पठाराच्या कड्यापर्यंत गेला. आजचा लॉडविक पॉइंट त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यानंतर रेसिडेंट ब्रिग्ज याने १८२६ साली तेथे घर बांधले आणि महाराजांचे मन वळवून साताऱ्याहून वरपर्यंत गाडीरस्ता करविला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याला हे ठिकाण फारच मानवले. १८२८ साली दुखणाईत गोऱ्या शिपायांसाठी तेथे प्रयोगादाखल आरोग्यगृह उघडण्यात आले आणि १८२९ च्या तहनाम्याने महाराजांनी महाबळेश्वरचा तो मुलूख कंपनीस देऊन त्याच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळे गाव पत्करले. एका हिंदू राजाने स्वखर्चाने रस्ता बांधून परक्या राज्यकर्त्यांच्या रोग्यांना थंड हवेची जागा करून दिली, ही गोष्ट पुढील हकिकत वाचताना विसरता येत नाही; निदान मला तरी ती विसरता आलेली नाही.

प्रतापसिंह महाराज हे नाममात्र गादीवर बसलेले राजे नव्हते. साताऱ्यास त्यांनी जुना राजवाडा बांधला, यवतेश्वराच्या डोंगरावरून शहराला पाणी आणले, पाठशाळा चालविली, स्वतः रोजनिशी ठेवली. १८३५ साली लंडनच्या डायरेक्टरांनी त्यांच्या कारभाराचा गौरव करणारे पत्र आणि एक रत्नजडित तलवार देण्याचे ठरविले. पत्र व तलवार मुंबईपर्यंत आली आणि तेथेच राहिली. कारण त्या सुमारास अक्कलकोट, फलटण, जत, औंध, भोर या जहागिरींवर छत्रपतींची सत्ता कितपत, यासंबंधी महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात वाद पेटला होता. १८१९ च्या तहाचे कलम महाराजांच्या बाजूचे होते आणि डायरेक्टरांचा कौलही त्यांच्याकडे झुकला होता. परंतु तो कौल महाराजांना वेळेवर कळविण्याची कळकळ मुंबईस नव्हती.

येथे कृष्णेच्या खालच्या काठावरील दुसऱ्या एका संस्थानाकडे दृष्टी जाते. सांगलीचे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन हे वयाने, मानाने आणि धर्माभिमानाने मोठे गृहस्थ. कायस्थ प्रभूंच्या वेदोक्त अधिकाराबद्दल जे ग्रामण्य त्या काळी माजले, त्यात ते ब्राह्मणपक्षाचे अग्रणी होते आणि महाराजांचा कल प्रभूंकडे होता. आणि पुढे ज्या पुरुषाने सातारची वकिलात विलायतेत लढविली तो रंगो बापूजी गुप्ते प्रभूच होता, ही गोष्ट त्या काळातील तेढीचे स्वरूप समजून घेताना उपयोगी पडते. १८४४ साली कोल्हापूर प्रांतात बंडाळी झाली तेव्हा अप्पासाहेब कंपनीशी एकनिष्ठ राहिले आणि १८४६ साली कंपनीने त्यांना सन्मानाची तलवार नजर केली. सातारच्या वाट्याची तलवार मुंबईच्या कोठीत अडकली, सांगलीच्या वाट्याची हाती पडली. या दोन तलवारींची हकिकत शेजारी शेजारी ठेवली म्हणजे कंपनीच्या दरबारी गुणांची किंमत कशी होत असे, हे स्पष्ट होते. अप्पासाहेबांना मी यात दोष देत नाही. संस्थान सांभाळण्याचा त्यांचा मार्ग त्यांनी पत्करला आणि सांगली नगरीला त्या मार्गाने स्थैर्य मिळाले, हे नाकबूल करणे अन्यायाचे होईल.

महाराजांवर आरोप आले ते तीन. गोव्याच्या फिरंग्यांशी कारस्थान, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान, आणि कंपनीच्या देशी पलटणीतील सुभेदारांना फितविण्याचा प्रयत्न. १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आला आणि अपराध कबूल केल्यास गादी राखू असे त्याने सुचविले. महाराजांनी ते मानले नाही. सप्टेंबरच्या आरंभी रेसिडेंट ओव्हान्स याने फौजेच्या बंदोबस्तात त्यांना राजवाड्यातून बाहेर काढले आणि साताऱ्याच्या उत्तरेस लिंब गावी नेऊन ठेवले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यात आले. आणि महाराजांची रवानगी काशीस झाली. त्या लांबच्या वाटेत त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती, जे आपखुशीने धन्याबरोबर निघाले होते, ते आजारी पडून वारले. दुखणाईत माणसाला पुरेशी विश्रांती मिळू दिली नाही, तांडा पुढे हाकला, ही राजपक्षाची कायमची तक्रार राहिली. ज्यांनी इंग्रजांच्या रोग्यांसाठी महाबळेश्वरचा रस्ता बांधला, त्यांच्या सोबत्याला आजारपणात मुक्काम वाढवून मिळू नये, यातील दुःख मोठे आहे.

विलायतेस वकील पाठविण्याची कल्पना मात्र सातारकरांची नवीन नव्हती. त्यापूर्वी सुमारे साठ वर्षे, साताऱ्याजवळच्या माहुलीस जन्मलेल्या रघुनाथराव दादासाहेबांनी इंग्रजांची मदत मिळविण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचा पारशी अशांना पुत्रासह लंडनला धाडले होते. १७८१ साली ही मंडळी तेथे होती. लंडनच्या मुक्कामात आचार सांभाळून राहण्याची त्यांची जी कुचंबणा झाली, ती एडमंड बर्क या थोर वक्त्याच्या ध्यानी आली आणि त्याने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या वाडीवर नेले. तेथे झाडे राखण्यासाठी बांधलेले काचेचे घर त्याने हणमंतरावांच्या स्वाधीन केले. हा प्रसंग क्षणभर डोळ्यांपुढे आणावा: बकिंगहॅमशायरमधील एका इंग्रज गृहस्थाच्या बागेत, परदेशी रोपांना ऊब मिळावी म्हणून उभारलेल्या त्या पारदर्शक खोलीत जमीन स्वच्छ करून, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा बेताने एक मराठी ब्राह्मण स्वतःच्या हाताने अन्न शिजवीत आहे आणि यजमानाचे पाहुणे ते कुतूहलाने दुरून पाहत आहेत. बर्कने पार्लमेंटाच्या समितीपुढे हणमंतरावांची साक्षही करविली आणि परत जाताना त्यांच्या निष्ठेची व आचारपालनाची ग्वाही देणारे पत्र रघुनाथरावांना लिहिले. तरीही स्वदेशी परतल्यावर वकिलांना प्रायश्चित्त चुकले नाही. एवढे मात्र खरे, की त्या वकिलातीस एक आश्रयदाता भेटला आणि ती थोड्या काळात आटोपली. सातारच्या वकिलातीच्या नशिबी यांपैकी काहीच नव्हते.

महाराजांनी प्रथम मुंबईच्या वैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेल्या डॉक्टर मिल्न यांस आपले काम सांगितले. पाठोपाठ मीर अफझल अली हा लंडनला गेला. आणि पदच्युतीच्या सुमारास रंगो बापूजी, यशवंतराव राजे शिर्के आणि भगवंतराव विठ्ठल ही मंडळी निघून १८४० साली इंग्लंडात पोहोचली. रंगो बापूजी रोहिडखोऱ्यातील गुप्त्यांच्या घराण्यातला. साताऱ्याजवळचे कारी हे त्याचे गाव. इंग्रजी भाषा त्याने पुढे परिश्रमाने आत्मसात केली. निघताना त्याच्याजवळ होते ते मोडीचे वळण, दरबारी शिष्टाचार आणि धन्याचे मुखत्यारपत्र.

त्या काळी विलायतेची वाट दुहेरी होती. शिडाच्या जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेले म्हणजे चार-पाच महिने लागत आणि उतारूला आपल्या खोलीतील बिछाना, पेटी, दिवा यांचीही तजवीज बहुधा स्वतःच करावी लागे. दुसरी वाट मिसर देशातून. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुएझला गेली तेव्हापासून ती रुळली. सुएझला उतरावे, उंटावर, गाढवावर किंवा लहान गाडीत बसून कैरोपर्यंतचे वाळवंट ओलांडावे, नाईल नदीतून व कालव्यातून अलेक्झांड्रियास जावे आणि तेथून पुन्हा जहाजात बसावे. काळ वाचे, परंतु प्रत्येक टप्प्यावर हात खिशात जाई; आणि मिसर देशात पटकी व प्लेग यांचे भय असल्यामुळे माल्टा बेटावर उतारूंना विलग ठेवीत. त्या बंदराच्या लाझारेटोत, म्हणजे साथीच्या संशयितांसाठी बांधलेल्या इमारतींत, रोग नसलेल्या माणसालाही ठरलेली मुदत भरावी लागे, आणि त्या मुदतीतील खाण्यापिण्याचा खर्च त्याचाच असे. पत्रांनाही सूट नसे. लखोट्याला चिरा पाडून तो सिरक्यात बुडवीत, अथवा धुरी देत, आणि मग चिमट्याने उचलून पुढच्या टपालात टाकीत. साताऱ्याच्या आणि काशीच्या ज्या खलित्यांची लंडनमध्ये आतुरतेने वाट पाहिली जात होती, ते या मार्गाने आले असतील तर त्यांनाही हे सोपस्कार भोगावे लागले असणार.

लंडनला पोहोचल्यावर खरा खर्च सुरू होई. पौंडाला साधारण दहा रुपये हा तेव्हाचा हिशेब. साताऱ्यात ज्या रकमेवर एखादे कुटुंब मानाने महिना काढी, तीत लंडनमधील दोन खोल्यांचे भाडे आणि हिवाळ्याचा कोळसाही भागत नसे. हिंदू माणसाला तयार अन्न विकत घेऊन खाणे शक्य नाही. म्हणून स्वतंत्र चूल, निराळी भांडी, डाळ-तांदळाची जुळवाजुळव आणि चाकरी करणारा आपला माणूस, हे सर्व ओघानेच आले. शेख दीन महंमद या बिहारी गृहस्थाने १८१० साली पोर्टमन चौकाजवळ हिंदुस्थानी खाद्यगृह काढले होते, पण ते दोनच वर्षांत कर्जात बुडाले. त्यामुळे १८४० च्या लंडनमध्ये आपल्या तऱ्हेचे जेवण मिळण्याचे ठिकाण शोधून सापडले नसते. दहा महिने पाऊस, धुके आणि ओल यांत काढलेल्या दक्खनी शरीराला खोकला, संधिवात, ताप यांची बाधा होणे अपरिहार्य. आणि आजारी सोबती बरा होईपर्यंत बिऱ्हाड हलविता येत नाही, वैद्याचे देणे थकविता येत नाही, हे दूरदेशी राहिलेल्या कोणाही गरीब प्रवाशास सांगावे लागत नाही.

परंतु खाण्यापिण्याहून मोठा खर्च न्याय मागण्याचा होता, आणि त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. लेडनहॉल रस्त्यावरील इंडिया हाउसमध्ये चोवीस डायरेक्टर बसत. त्यांच्यावर देखरेख भागधारकांच्या सभेची. पण त्या सभेत बसून बोलावयाचे तर ५०० पौंडांचे भांडवल आपल्या नावे असावे लागे, एका मताला १,००० पौंड, दोहोंना ३,०००, तिहींना ६,००० आणि चार मतांना १०,००० पौंड. डायरेक्टरांच्याही डोक्यावर राजमंत्र्यांचे बोर्ड ऑफ कंट्रोल, आणि त्याच्याही वर पार्लमेंट. या चारही पायऱ्यांवर अर्जी द्यावयाची, तर ती शुद्ध इंग्रजीत लिहविणे, छापविणे, वाटणे, सभासदांच्या घरी जाणे, सॉलिसिटरांना फी देणे हे सर्व क्रमप्राप्त. सभेत काही ठरलेच तर ‘मुंबई सरकारचा अभिप्राय मागवावा’ असा शेरा पडे; आणि तो अभिप्राय जाऊन येईपर्यंत चार-पाच महिने उलटत. तेवढ्या काळात कंपनीच्या कारकुनाला पगार मिळत राही, वकिलाची मात्र थैली रिकामी होत जाई. मुद्दाम योजून केला असो वा नसो, वकिलाला उपाशी ठेवून दावा थकविण्याचा याहून परिणामकारक उपाय सापडणे कठीण.

त्यातच पैशाचा उगम आटविलेला. महाराजांची रोकड आणि जडजवाहीर साताऱ्यात अडकून राहिले. ते स्वतः काशीस नजरबंद, नेमणुकीवर अवलंबून. काशीहून हुंडी करावयाची ती मुंबईच्या पेढीमार्फत, आणि ती लंडनला वटेपर्यंत धन्याचा व वकिलाचा जीव टांगणीला. हुंडीला विलंब झाला की लंडनच्या सावकाराकडे जाणे, एका सावकाराचे देणे दुसऱ्याकडून घेऊन भागविणे, आणि प्रत्येक पत्रात धन्याकडे खर्चाची मागणी करताना मनाची होणारी ओढाताण सहन करणे, या दुष्टचक्रात वकिलात सापडली. मंडळींत दुमत होणे स्वाभाविक होते. सोबती एकामागून एक परतले. रंगो बापूजी राहिला.

या काळोखात प्रकाशाचे जे किरण दिसतात ते इंग्रजांचेच आहेत, आणि त्यांची कृतज्ञतेने नोंद केली पाहिजे. साताऱ्यास पूर्वी रेसिडेंट असलेले ब्रिग्ज, रॉबर्टसन आणि लॉडविक हे तिघेही महाराजांचे पक्षपाती झाले. ज्याच्या सांगण्यावरून महाराजांनी महाबळेश्वरचा रस्ता बांधला तो ब्रिग्ज, आणि ज्याच्या नावाने तेथील कडा ओळखला जातो तो लॉडविक, या दोघांनी लंडनच्या सभेत सातारची बाजू मांडावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्यांनी महाराजांना जवळून पाहिले होते. त्यांचे मत खलित्यांच्या नकलांवरून बनलेले नव्हते. त्यांच्या जोडीला जॉर्ज थॉम्प्सन हा गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता आणि पार्लमेंटातील जोसेफ ह्यूम. १८४०, १८४१ आणि १८४५ साली इंडिया हाउसमध्ये सातारच्या प्रश्नावर दिवसचे दिवस वादविवाद झाले. काशीस महाराजांवर देखरेखीसाठी नेमलेला मेजर कार्पेंटर हाही कागद पाहता पाहता त्यांच्या निर्दोषत्वाकडे झुकला. बनावट पत्रे तयार केल्यासंबंधी कृष्णाजी सदाशिव भिडे याची अर्जी याच काळात पुढे आली. पहारेकऱ्यालाच कैद्याचा कैवार घ्यावासा वाटावा, यापरता पुरावा कोणता हवा होता? परंतु उघड चौकशी करावी, आरोपीस त्याच्यावरील पुरावा दाखवावा, ही मागणी शेवटपर्यंत मान्य झाली नाही.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यास शहाजी महाराज निवर्तले. त्यांनी अखेरच्या घटकेस घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीने नामंजूर केला आणि १८४९ साली राज्य खालसा झाले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने विरुद्ध मत दिले होते. ते दफ्तरात राहिले. आता वकिलाचा धनी गेला, गादी गेली, हुंडीचा उगमही गेला. तरी रंगो बापूजी प्रतापसिंहांच्या राणीसाहेब आणि दत्तक पुत्र यांच्या वतीने लंडनमध्ये टिकून राहिला. १८४८-४९ ची पटकीची साथ, १८५१ च्या उन्हाळ्यात हाइड पार्कमध्ये स्फटिकप्रासादात भरलेले जगाचे प्रदर्शन, १८५३ साली कंपनीच्या सनदेसंबंधी पार्लमेंटातील चर्चा, हे सर्व त्याने त्या शहरात राहून अनुभवले. त्याच्या नावाने इंग्रजीत छापलेली निवेदने सातत्याने निघत राहिली. अखेर १८५३ च्या शेवटी तो स्वदेशी परतला. जाताना त्याच्याजवळ निदान धन्याची आशा होती. येताना धनीही नव्हता आणि राज्यही नव्हते. ज्या शहराच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून त्याने आयुष्याचा उत्तम काळ वेचला, त्या शहराने त्याला तारखांखेरीज काही दिले नाही.

पुढील घटना सर्वविश्रुत आहेत आणि त्यांचा विस्तार येथे करीत नाही. १८५७ साली साताऱ्यात उठावाची तयारी केल्याच्या आरोपावरून सतरा जणांना देहांत शासन झाले. ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजीचा पुत्र सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः सरकारच्या हाती कधीच लागला नाही.

या प्रकरणाची साधने जतन करण्याचे श्रेय प्रथम साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांना दिले पाहिजे. साताऱ्यावर, महाबळेश्वरावर आणि सांगली संस्थानावर त्यांनी इंग्रजीत लहान लहान पुस्तके लिहिली आणि आयुष्यभर कागद गोळा केले. पुढे प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील आवेश ज्यांना पटत नसेल त्यांनीही त्यामागील श्रमांना नमस्कार करावा. मात्र या दोहोंच्या पुढे एक काम शिल्लक आहे असे मला मनापासून वाटते. वादविवादांचे अहवाल छापले गेले, अर्ज-विनंत्या छापल्या गेल्या; पण त्या चौदा वर्षांचा जमाखर्च, म्हणजे हुंड्या किती व केव्हा वटल्या, छापखान्याचे देणे काय झाले, व्याज कोणत्या दराने चढले, सोबत्यांच्या परतीच्या भाड्याची रक्कम कोणी भरली, यांचा कागदोपत्री ताळा अद्याप कोणी मांडलेला नाही. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात, मुंबईच्या सरकारी दफ्तरखान्यात, आणि साताऱ्याच्या जुन्या घराण्यांच्या दप्तरांत या विषयाचे जे तुकडे सापडतील ते एकत्र आणून सालवार लावले पाहिजेत. मोडी वाचता येणारे आणि हिशेब समजणारे दोन-तीन तरुण अभ्यासक सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून या कामास लागले, तर कोणत्या महिन्यात कोणती अर्जी पैशावाचून छापावयाची राहिली आणि कोणती सभा वकिलाला हुकली, हे तारीखवार दाखविता येईल.